पडदे नसलेल्या वाद्याची शिकवणी

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर मात्र कुठेच खूण नसते. बोट केसभर सरकलं की स्वर ढळतो, आणि तो ढळला हे कानालाच कळावं लागतं. म्हणूनच घरगुती शिकवणी घेणाऱ्या व्हायोलिन-शिक्षकांचे मार्ग एका प्रश्नापाशी वेगळे होतात: आधी काय घडवायचं? कान, हात की वाचन?

जपानच्या शिनिची सुझुकींनी (१८९८–१९९८) कानाला कौल दिला. वडिलांचा नागोयात व्हायोलिनचा कारखाना; शिनिची स्वतः बर्लिनला कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले. मूल मातृभाषा ऐकून बोलतं, वाचायला पुढे शिकतं. वाद्यही तसंच यावं, हा त्यांचा आग्रह. १९४६पासून मात्सुमोतोमध्ये त्यांनी तो प्रत्यक्षात आणला. या पद्धतीत तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कानावर त्याच धुना रोज पडतात. तासाला आई किंवा बाबा शेजारी बसून टिपणं घेतात. पुष्कळदा पहिली धून आधी त्यांनाच वाजवावी लागते. नवी धून आली म्हणून जुनी सोडायची नाही. नोटेशन मात्र उशिरा येतं, आणि ते फार लांबवलं तर पुढे ऑर्केस्ट्रात बसल्यावर मूल अडखळतं.

इव्हान गलामियन यांचा भर हातावर. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे स्वरपट्ट्या आणि गज यांवर कसून मेहनत करावी लागे. १९३५ साली बॉम्बे सिम्फनी स्थापन करणारे मेहली मेहता पुढे त्यांच्याकडेच शिकायला गेले. इलिनॉयचे पॉल रोलंड यांनी संपूर्ण शरीराकडे पाहिलं: खांदे, मान, गुडघे मोकळे हवेत. पहिल्या महिन्यात आवळलेला अंगठा पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त्रींनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, मुलांना आधी सोल्फेज दिलं, म्हणजे लिहिलेला स्वर डोळ्यांनी वाचून गळ्याने म्हणायचा. त्या शिस्तीत वाढलेले कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले. हिंदुस्थानी शिकवणीत कागद जवळजवळ नसतोच. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं पायावर टेकवायचं. त्यामुळे डाव्या हातावर भार राहत नाही आणि मींड मोकळेपणी घेता येते. गजाननराव जोशी गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. गायकी अंगाच्या शिकवणीत गुरू गातात, शिष्याने तेच तारेतून काढायचं. बंदिश गळ्यावर नसेल तर बोटांत येत नाही.

मला ही गाण्याची वाट सर्वांत भरवशाची वाटते, पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यासाठीसुद्धा. सुरुवातीला पट्टीवर चिकटवलेल्या टेपला माझी हरकत नाही. पण ती महिनोन्महिने राहिली तर कानाचं काम डोळे करू लागतात. त्याऐवजी चांगले शिक्षक एक गोष्ट ऐकायला लावतात. ‘डी’ तारेवर तिसरं बोट ठेवून ‘जी’ वाजवा. स्वर नेमका लागला तर शेजारची मोकळी ‘जी’ तार गज न लागताच झंकारते. बोट जरा चुकलं की ती गप्प. हे एकदा ऐकलेलं मूल स्वर शोधायला लागतं, आणि मग शिक्षकाला ‘वर घे, खाली घे’ असं सारखं सांगावं लागत नाही.

व्हायोलाची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली, सी-जी-डी-ए. जाड तार पटकन बोलत नाही. गजाला जास्त वजन आणि जरा धीमी चाल लागते. नोटेशन वेगळ्या क्लेफमध्ये असतं, आणि मोठ्यांच्या व्हायोलाचं एक ठरलेलं मापही नसतं. हात पाहून वाद्य निवडावं लागतं. विल्यम प्रिमरोझ यांच्यासारखे थोर व्हायोलावादकही आधी व्हायोलिनवरच होते. पण व्हायोलिनवरून आलेल्या विद्यार्थ्याला केवळ नवं क्लेफ शिकवून सोडणं मला अपुरं वाटतं. त्याचा उजवा हात नव्याने घडवावा लागतो.

आपल्याकडचे पालक पहिल्याच भेटीत विचारतात, ‘ग्रेडची परीक्षा कधी?’ परीक्षेला विरोध नाही. पण वर्षभर तेच तीन तुकडे घोटले जात असतील तर तास वाया जातोय. त्यापेक्षा एक तास कोपऱ्यात बसून पाहावं. मोकळ्या तारेवर लांब, संथ गज किती वेळ ओढून घेतात? मुलाला स्वर गायला लावतात का? चुकल्यावर बोट पकडून सरकवतात, की थांबून त्यालाच ऐकू देतात?