आधी माणसे, मग छप्पर

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात नव्या वसाहतींसाठी मोठ्या संख्येने चर्च उभी राहिली. आज त्यांतली अनेक ओस पडत आहेत. या रिकाम्या वास्तूंचे काय करायचे, यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये रोमला परिषदही झाली. जर्मनीत म्योनशेनग्लाडबाखचे १९३०च्या दशकातले सेंट पीटर चर्च आता भिंत चढण्याच्या सरावाचे केंद्र आहे. तिथे इमारत वाचली. पण पलीकडच्या गल्लीतल्या एकट्या म्हातारीला भिंत चढायची नसते. म्हणून ‘इमारतीचे काय करावे?’ याआधी ‘भोवतालच्या माणसांचे काय अडले आहे?’ असे विचारावे, असे मला वाटते.

हा क्रम मला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडमध्ये सापडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर आले. पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेची वेळ जमेना, तेव्हा शाळा कुरणात भरली. पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ झाली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला घेऊनच शिकायला येऊ शकली. इथे गरज आधी कळली, जागा नंतर ठरली.

रिकाम्या चर्चपाशी छप्पर आधीच आहे, एवढाच फरक. त्याचे तास मात्र रिकामे असतात. चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात दादरचे पोर्तुगीज चर्च नव्याने रचले, तेव्हा एका बंद सभागृहाऐवजी दालने आणि मोकळी अंगणे एकमेकांत गुंफली. अशा रचनेत एक कोपरा प्रार्थनेसाठी राखून उरलेल्या जागेत सकाळी बालवाडी, दुपारी वृद्धांची बैठक, संध्याकाळी अभ्यासिका चालू शकते. कॅथलिक धर्मकायद्याच्या कलम १२२२नुसार चर्चचा उपासनेसाठीचा वापर थांबला, तरी नवा उपयोग हीन असू नये. म्हणजे मर्यादा आहे, मनाई नाही.

अडचण राहते ती किल्लीची. किल्ली एकाच्याच हाती राहिली, तर बाकीचे पाहुणेच ठरतात. वेळापत्रक, झाडलोट आणि खर्च यांत शेजाऱ्यांचा वाटा असेल, तरच ती वास्तू गावाची होते.