‘रेडूवर सांगितलंय, सायेब!’

मार्च १९९०. पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळच्या इस्लापूर गावी मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एका सकाळी शाखेचे दार उघडते न उघडते तोच पंधरा-वीस शेतकरी ओट्यावर येऊन बसलेले दिसले. मी विचारले, ‘‘काय मामा, आज बाजारही नाही, मग एवढ्या सकाळी?’’

मामा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘‘सायेब, कर्ज माफ झालं म्हनं. रेडूवर सांगितलंय.’’

त्या काळी अर्थसंकल्प संध्याकाळी पाच वाजता मांडला जाई. अर्थमंत्री मधु दंडवते यांनी आदल्या संध्याकाळी संसदेत केलेली घोषणा रात्रीच रानातल्या वस्तीवर पोचली होती. माझ्या टेबलावर मात्र परिपत्रक नव्हते! ‘‘लेखी आल्याशिवाय मला काही सांगता यायचे नाही,’’ असे मी म्हणालो तेव्हा मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून आठवते. रेडिओ खोटे बोलणे शक्यच नव्हते. लपवत असेल तर हा सायेबच.

हा विश्वास आमच्या मुलखाला एका दिवसात बसलेला नव्हता. निजामाच्या राजवटीत, १९३५ साली सुरू झालेले हैदराबादचे केंद्र प्रामुख्याने उर्दूत बोले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागतीची वार्ताही रेडिओवरूनच घरोघर गेली. १९५० मध्ये ते केंद्र आकाशवाणीकडे आले. तिकडे १९५६ साली पुणे आकाशवाणीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे भरवून पाहिली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे आणि शंका केंद्राला कळवायच्या, असा तो प्रयोग होता. त्या दीडशे गावांत आमचे एकही नव्हते, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता.

आमच्या बोलीच्या जवळचा आवाज मिळाला तो १९६८ साली, परभणी केंद्र सुरू झाले तेव्हा. चार वर्षांनी परभणीतच कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि कपाशीवरची कीड, ज्वारीचे वाण, पावसाचा अंदाज या गोष्टी वाऱ्यावरून घरात येऊ लागल्या. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, म्हणून टेकड्यांच्या आडच्या तांड्यांवरही परभणी लागे. आवाज बारीक झाला की सेल काढून उन्हात वाळत घालायचे, हा तर घराघरातला उपाय! सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळी सातला मुंबईच्या. घड्याळ नसलेली घरे या बातम्यांवर चूल पेटवत. पुढे १९९१ मध्ये खुद्द नांदेडला केंद्र झाले.

पण मामांची गोष्ट अजून संपलेली नाही.

यथावकाश परिपत्रक आले. दहा हजार रुपयांपर्यंतची, २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकलेली बाकी माफ. ऐपत असून मुद्दाम न भरणारे वगळलेले. मामांनी मात्र आदल्या वर्षीच्या पोळ्यानंतर एक बैल विकून आपले खाते कोरे केले होते. माफ व्हायला त्यांच्याकडे काही उरलेच नव्हते. मी वही उलटी फिरवून त्यांना आकडा दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘आन हे रेडूवर का न्हाई सांगितलं?’’

मी काही उत्तर देऊ शकलो नाही. बातमीत चूक नव्हती. अटीही जाहीर झालेल्या होत्या. पण दिल्लीची घोषणा बातमीपत्रात एका वाक्याची होते. त्या वाक्याचा इस्लापूरच्या खातेदाराला अर्थ काय, हे सांगायला जवळचा, ओळखीच्या भाषेत बोलणारा माणूस लागतो. शेतकऱ्यांच्या पत्रांना उत्तरे देणारी केंद्रे हेच काम करत आली. त्यांचा खरा प्रभाव बातमी पोचवण्यात होता, त्याहून अधिक ती उलगडून सांगण्यात होता.

म्हणूनच जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला तेव्हा माझी अवस्था मोठी गंमतीची झाली. मराठवाड्याला काहीतरी मिळते आहे, म्हणून आनंद मानायचा की काय? पुणेकरांनी ओरड केली आणि निर्णय स्थगित झाला. मला त्या ओरडीचा हेवा वाटला. आपला आवाज जाऊ नये म्हणून भांडणारे श्रोते ज्याच्या पाठीशी उभे राहतात, ते केंद्र भाग्यवान! उद्या परभणीवर अशी वेळ आली तर आपण ओरडू का?

खासगी एफएम वाहिन्या आता नांदेडातही वाजतात. पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. मोबाइलवर बातम्यांचा पूर आहे. त्यात खरे किती, खोटे किती, हे निवडता निवडता दिवस मावळतो.

निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. अजूनही सकाळी सातच्या सुमारास हात रेडिओच्या बटणाकडे जातो. बातम्या संपल्या की मामा आठवतात आणि मी मनाशी विचारतो, आज जे सांगितले ते त्यांना कळले असते का?