मोटारींच्या काळ्या प्लास्टिकचे करडेपण : कारणे आणि उपायांची परीक्षा

१. विषयाची मांडणी

पुण्याकडे व गोव्याकडे जाणारे महामार्ग पनवेलजवळ पळस्पे फाट्यापाशी एकमेकांपासून वेगळे होतात. या गावच्या रस्त्यांवर आणि गृहसंकुलांच्या आवारांत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारी पाहिल्या, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पत्र्याचा रंग बऱ्यापैकी टिकलेला असतो. परंतु बंपर, दारांवरील पट्ट्या, आरशांची आवरणे आणि पुढील काचेखालची जाळी हे मूळचे काळे भाग राखेसारखे करडे झालेले असतात. अशा मोटारीच्या बंपरवरील नंबरपाटी काढली असता तिच्याखाली दडलेला आयत मात्र पूर्वीइतकाच काळा आढळतो. द्रव्य तेच, वय तेच, उष्णता आणि दमटपणाही जवळजवळ तोच. भेद केवळ उन्हाचा. निसर्गाने आपण होऊन करून ठेवलेला हा तुलनात्मक प्रयोगच होय.

‘काळा रंग उडाला’ असा या घटनेचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो, व ‘रंग परत आणून देतो’ असे सांगणारे द्रव बाजारात मुबलक मिळतात. हा अर्थ कितपत ग्राह्य आहे आणि या उपायांनी नेमके काय परत येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. द्रव्य

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे बंपर मुलामा दिलेल्या पोलादाचे असत. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सीव्यवसायातून निवृत्त झालेल्या या गाडीचा शत्रू गंज हा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली, आणि धातूच्या बंपरांची जागा प्लास्टिकने घेतली. अनेक मोटारींच्या साध्या आवृत्त्यांत हे भाग वरून रंग न देता वापरले जात. खाऱ्या हवेचा गंज त्यामुळे टळला. परंतु त्याच्या जागी उन्हाने होणारा ऱ्हास आला.

या भागांचे प्रमुख द्रव्य पॉलिप्रॉपिलीन हे बहुवारिक होय. इटलीतील ज्यूलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये त्याचे सुव्यवस्थित रेणुरचनेचे रूप सिद्ध केले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना व कार्ल झीग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यातील नागोठणे येथील खनिज-तेल-रसायन संकुलात या बहुवारिकाचे उत्पादन होते. बंपरसाठी ते वापरताना आघात सोसण्याकरिता त्यात रबरासारखे बहुवारिक, ताठरपणाकरिता शंखजिऱ्याची पूड आणि रंगाकरिता अतिसूक्ष्म काजळी मिसळतात. येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे : काजळी पृष्ठावर चढविलेली नसून संपूर्ण जाडीत मिसळलेली असते. शिवाय काजळी हे कार्बनचे अत्यंत स्थिर रूप आहे. सेंद्रिय रंगद्रव्याप्रमाणे ती उन्हाने फिकी पडत नाही.

३. ऱ्हासाची क्रिया

मग बिघडते ते काय? बिघडते ते काजळीला धरून ठेवणारे बहुवारिक. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसरा कार्बन अणू इतर तीन कार्बन अणूंशी जोडलेला असतो, व त्याच्यावरील एकुलता हायड्रोजन तुलनेने सैल बंधाने बांधलेला असतो. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण फारसे शोषीत नाही. परंतु उत्प्रेरकाचे अवशेष आणि साचात तापवून ओतताना तयार झालेली ऑक्सिजनयुक्त संयुगे ते शोषतात. त्यातून मुक्त मूलके निर्माण होतात. ती हा हायड्रोजन हिरावून घेतात, मोकळ्या झालेल्या कार्बनवर हवेतील ऑक्सिजन येऊन बसतो, आणि तयार झालेला पेरॉक्साइड-मूलक शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतो. अशा रीतीने एका मूलकातून क्रियांची मालिकाच सुरू होते.

या क्रियेत लांब रेणुसाखळ्या तुटतात. तुटलेले आखूड तुकडे अधिक दाटीने रचले जातात, त्यामुळे पृष्ठाचा थर आकसतो आणि ठिसूळ होऊन त्याला असंख्य सूक्ष्म भेगा पडतात. काजळी स्वतः जंबुपार किरण शोषून घेत असल्याने हा ऱ्हास मिलिमीटरच्या लहानशा अंशापुरताच मर्यादित राहतो. खालचे द्रव्य पुष्कळसे शाबूत असते. मूलकांना निष्प्रभ करणारी स्थिरके उत्पादक मिसळतात खरी, पण त्यांचा साठा कालांतराने संपतो.

पनवेलचे अक्षांश सुमारे १९° उत्तर आहेत. त्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असा वर्षातून दोनदा सूर्य येथे माथ्यावर येतो. जुलैत ढगांचे आच्छादन असते. परंतु मार्च ते मे या काळात ऊन बहुधा निर्वेध असते. काळा पृष्ठभाग हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो, आणि तापमानाबरोबर ऑक्सिडीकरणाचा वेगही वाढतो. त्यानंतरचा कोकणातील पाऊस सुटे झालेले कण धुऊन नेतो व नवा पृष्ठभाग पुढील उन्हाळ्यासाठी उघडा करतो.

४. करडेपणा म्हणजे काय

काजळी जागच्या जागी असताना पृष्ठ करडे का दिसावे, याचे उत्तर रसायनशास्त्रात नसून प्रकाशशास्त्रात आहे. पॉलिप्रॉपिलीनचा प्रणमनांक सुमारे १.४९ व हवेचा सुमारे १ आहे. सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी जवळजवळ ४ टक्के प्रकाश या सीमेवरून परावर्तित होतो. पृष्ठ गुळगुळीत असेल, तर तो एकाच दिशेने जातो आणि इतर दिशांनी पाहणाऱ्यास पृष्ठ काळे दिसते. पृष्ठ भेगाळलेले असेल, तर हवा व द्रव्य यांच्या असंख्य लहान सीमा निर्माण होतात. त्यांच्यावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि काळेपणावर पांढुरका पडदा येतो. उघडी पडलेली शंखजिऱ्याची पूड त्यात भर घालते.

शाळेतील दगडी पाटी कोरडी असता करडी दिसते व ओल्या फडक्याने पुसताच काळीभोर होते, यामागील तत्त्व हेच होय. भेगांत हवेऐवजी पाणी शिरले की, पाण्याचा प्रणमनांक १.३३ असल्यामुळे सीमेवरील परावर्तन ४ टक्क्यांवरून सुमारे ०.३ टक्के इतके घटते. १.४० प्रणमनांकाच्या सिलिकोन तेलाने ते ०.१ टक्क्यापर्यंत उतरते. पाणी वाळते, तेल सहसा वाळत नाही. दोहोंतील व्यावहारिक भेद एवढाच आहे.

५. उपायांची परीक्षा

वरील विवेचनावरून प्रचलित उपायांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग तेलांचा. खोबरेल असो वा सिलिकोनयुक्त द्रव, तो भेगा भरतो व काळेपणा तत्काळ परत येतो. परंतु तेल पृष्ठाशी बांधले जात नाही. धूळ धरते आणि वारंवार धुतल्याने निघून जाते. डिझेल वा रॉकेल वापरणे तर अपायकारकच, कारण अशा हायड्रोकार्बनांनी पॉलिप्रॉपिलीन व त्यातील रबरी घटक फुगतात.

दुसरा वर्ग उष्णतेचा. तप्त हवेच्या झोताने पृष्ठ क्षणभर वितळवले, तर भेगा मिटतात व काळेपणा येतो. परंतु पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे झोत थोडा अधिक रेंगाळला तरी भाग वाकतो आणि मूळची नक्षी पुसली जाते. तुटलेल्या साखळ्या काही जुळत नाहीत. उलट उष्णतेने ऑक्सिडीकरणास हातभारच लागतो.

तिसरा वर्ग रंगलेपाचा. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा अल्प असल्याने सामान्य रंग त्याला धरत नाही. क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनाचा आसंजक थर आधी दिला नाही, तर रंगाचे पापुद्रे निघतात.

चौथा वर्ग घट्ट होणाऱ्या लेपांचा. सिलोक्सेन वा राळेचे हे लेप भेगांत शिरून तेथेच जाळीदार घन रूप धारण करतात. चारही वर्गांत हा उपाय अधिक टिकाऊ आहे. परंतु त्याचे यश पूर्वतयारीवर अवलंबून असते. सौम्य क्षारयुक्त साबणाने आणि मऊ ब्रशाने सुटे कण व जुनी तेले काढून टाकावी, भाग पूर्ण वाळू द्यावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, शेजारचा रंगीत पत्रा चिकटपट्टीने झाकावा, आणि सावलीत पातळ लेप द्यावा. लेप घट्ट होईपर्यंत पाणी लागता कामा नये. या दृष्टीने पनवेलमध्ये पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने सोयीचे ठरतात.

६. उपसंहार

यावरून असे दिसते की, बाजारातील उपाय ‘रंग परत आणतात’ हे म्हणणे दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. रंग गेलेलाच नव्हता. आणि जे गेले, ते म्हणजे पृष्ठावरील रेणुसाखळ्यांची लांबी व त्यांची चिवटता, यांपैकी कोणत्याही उपायाने परत येत नाही. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ठिसूळ पृष्ठावरील भेग आघाताच्या वेळी आतील शाबूत द्रव्यातही शिरू शकते. म्हणून तेलाने काळाभोर केलेला बंपर पाहून जुनी मोटार घेणाऱ्याने दिसण्यावरून बळाचा अंदाज बांधू नये. तो भाग साबणाने धुऊन, वाळवून मगच पाहावा. भारतात खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे ती ५ वर्षांनी वाढविता येते. तेव्हा स्थिरकांचा साठा संपल्यावरही हे भाग कामावर असण्याचा संभव आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचा एक सुलभ विषय उपलब्ध आहे. भंगारातील बंपरचा नंबरपाटीखालचा व उघडा असे दोन तुकडे घेऊन अवरक्त वर्णपटातील १७१५ प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा कार्बोनिल पट्टा मोजल्यास ऑक्सिडीकरणाची तुलना करता येईल. काजळीच्या शोषणामुळे त्यासाठी पृष्ठ-परावर्तनाची पद्धती वापरावी लागेल, एवढे अवधान ठेवावे. लेप दिलेला तिसरा तुकडा पुन्हा उन्हात ठेवल्यास लेप केवळ रूप सुधारतो की पुढील ऱ्हासही रोखतो, या प्रश्नाचा निकाल लागेल. तोवर सर्वांत खात्रीचा उपाय नंबरपाटीनेच दाखवून दिलेला आहे, आणि तो म्हणजे सावली.