थाळीतली मोकळी जागा

सायकलच्या दुकानातून आणलेले मूठभर छर्रे, सगळे एका मापाचे. दिग्रसला अकरावीच्या वर्गात मी ते थाळीत ओततो आणि थाळी जराशी तिरपी करून हलवतो. छर्रे आपोआप रचले जातात, एकाभोवती सहा. तरी रांगा कुठेतरी चुकतातच. एका मुलीनं बोट ठेवून विचारलं, "सर, या मधात एक छर्रा काहून नाही?"

त्या प्रश्नासाठीच मी थाळी आणतो. धातूतले अणूही असेच रचलेले असतात आणि तिथंही जागा रिकाम्या राहतात, एखादी रांग अर्ध्यात संपते. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार किंचित वाकवून सोडली तर ती परत येते. अणू जागचे हलून पुन्हा जागेवर बसतात. जास्त वाकवली की त्या अर्धवट रांगा एकेक घर पुढे सरकतात आणि वाक कायम राहतो. संपूर्ण थर एकदम सरकवायला कितीतरी जास्त जोर लागला असता. धातूला आकार देता येतो तो या दोषांमुळे.

पण अणू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ब्रॅग आणि नाय या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४७ साली साबणाचे एकसारखे बुडबुडे पाण्यावर पसरून हे दोष दाखवले. त्याहून सुंदर सोय कलिली स्फटिकांची. कलिल म्हणजे द्रवात पसरलेले सूक्ष्म कण. दूधही कलिलच, पण त्यातले स्निग्धकण लहानमोठे, म्हणून रांगा लागत नाहीत. सिलिकाचे एकाच मापाचे सूक्ष्म गोळे द्रवात असले तर ते स्वतःच्या थरथरीनंच रचले जातात. ओपल रत्नाचे रंग अशाच रचनेतून येतात.

द्रवातला कलिली स्फटिक मात्र विलक्षण मऊ असतो. गोळ्यांमधलं अंतर अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट, आणि ताठपणा त्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. म्हणून पोलादापेक्षा तो अब्जावधी पट लवचीक. नुसता ढवळला तरी मोडतो, स्वस्थ ठेवला की पुन्हा जमतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २००६ साली दीड मायक्रॉनच्या गोळ्यांच्या अशा स्फटिकात सुई दाबली आणि दोष जन्मताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

शिक्षकांनो, छर्रे आणि थाळी एकदा वर्गात न्याच. मग मुलांना तांब्याची तार वाकवून सरळ करायला सांगा. वाकलेल्या जागी दोषांची गर्दी होऊन तार कडक झालेली असते. ती तिथं सरळ होत नाही, शेजारी वाकते.