आमरसाचा डबा

२०१६ च्या अक्षय्य तृतीयेला बर्लिनच्या आमच्या घरी आमरस-पुरीचा बेत होता. ८५० ग्रॅमचे रिकामे डबे टाकायला निघाले, तर वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "एक मला द्या. अँटेना करतो." मला थट्टाच वाटली.

ते 'फ्रायफुंक'वाले. म्हणजे खिडकीत, छपरावर राउटर ठेवून ते एकमेकांना जोडणारे हौशी लोक. ही चळवळ बर्लिनमध्ये २००२-०३ च्या सुमारास रुजली. त्यातही गंमत बघा. एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही भागांत हौसेनं ऑप्टिकल फायबर टाकली, पण डीएसएल धावतं तांब्याच्या तारेवर! नवी कोरी केबल असलेल्या गल्ल्याच जलद इंटरनेटला मुकल्या. मग लोकांनीच छपरावरून छपरावर जाळं विणलं.

डब्याचं गणित माझ्यातल्या जुन्या बाईंना फार आवडलं. वाय-फायची लहर साधारण सव्वाबारा सेंटिमीटरची. तिचा चतुर्थांश, ३१ मिलिमीटर, तांब्याची तार. डबा दहा सेंटिमीटर रुंद, म्हणून बंद तळापासून सुमारे ४४ मिलिमीटरवर भोक पाडायचं आणि तार आत उभी करायची. (चिप्सचं नळकांडं जास्त प्रसिद्ध, पण ते अरुंद पडतं.) उघडं तोंड जिकडे, तिकडे बॅटरीच्या झोतासारखा सिग्नल.

आमचा नेम होता समोरच्या व्यायामशाळेवर. तिथे सीरियातून आलेली कुटुंबं राहत होती.

"आपल्या कनेक्शनवरून कुणी सिनेमा उतरवला तर नोटीस आपल्याला येईल," हे म्हणाले. भीती खोटी नव्हती. २०१० मध्ये कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयानं, वाय-फाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्यालाही जबाबदार धरलं होतं. कायदा पुरता सैल झाला २०१७ मध्ये. फ्रायफुंक ही वाहतूक स्वतःच्या सर्व्हरवरून वळवतं, आपला पत्ता बाहेर दिसत नाही, हे शेजाऱ्यांनी दोनदा समजावलं. तरी ह्यांचं मन होईना.

मला मात्र माझा इथला पहिला महिना आठवत होता. घरात कनेक्शन नाही, साताऱ्याला आई दवाखान्यात, आणि मी नाक्यावरच्या फोनच्या दुकानात नाणी मोजत उभी. मी डबा खिडकीत बांधला.

संध्याकाळी व्यायामशाळेच्या पायरीवर एक बाई फोन समोर धरून कुणाला तरी आपलं बाळ दाखवत होती.

हे वर्षभर टपालपेटी स्वतःच उघडायचे. नोटीस आली नाही. पुढच्या अक्षय्य तृतीयेला डबा ह्यांनीच धुऊन ठेवला.