उंदीर, कोकेन आणि मेंदूचे दार

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची ख्याती आपण जाणताच. तिथल्या घरांच्या चौकटींना परंपरेने दारे नाहीत, कुलपे नाहीत. मेंदूचे तसे नव्हे. त्याला निसर्गाने चांगले भक्कम दार बसवले आहे. रक्तातले पुष्कळ पदार्थ तिथेच अडतात. पण कोकेनचा कण पडला लहान. तो सुखेनैव आत शिरतो.

आत तो काय करतो? गोड खाल्ले, कुणी शाबासकी दिली, की मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य पाझरते आणि काम झाले की परत शोषले जाते. कोकेन ही परतीची वाट अडवते. डोपामीन साचते, सुखाचा पूर येतो, आणि मेंदू तो पूर विसरत नाही. अफूच्या जातीच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे आहेत. कोकेनवर मात्र आजवर एकही मान्यताप्राप्त औषध नाही. म्हणून तर शोध चालू आहे, आणि तो उंदरांपासून सुरू होतो.

उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवतात. त्याने दांडी दाबली की कोकेनचा थेंब आत जातो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना हवे तितके कोकेन घेण्याची मोकळीक होती. तीस दिवसांत शेकडा नव्वद उंदीर मेले. नवे औषध दिल्यावर दांडी दाबणे कमी होते का, हे अशाच पिंजऱ्यात पाहतात.

आपल्याकडेही हे काम होते. कोकेन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत वाढणारा एक संदेश १९९५ साली सापडला. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘कार्ट’ म्हणतात. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील संशोधकांनी २०१२ साली दाखवले, की मॉर्फिनची गोडी लागण्यातही या कार्टचा हात आहे. ते अडवले, तर गोडी ओसरते.

दुसरी युक्ती लशीची. कोकेनचा कण मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. माणसांसाठीच्या लशीत ते प्रथिन पटकीच्या जंतूचे होते. मग शरीर प्रतिद्रव्ये बनवते, ती कोकेनला चिकटतात, गाठोडे मोठे होते आणि मेंदूच्या दारातून जाईनासे होते. उंदरांत हे साधले. माणसांत, २००९ सालच्या चाचणीत, शेकडा ३८ जणांतच पुरेशी प्रतिद्रव्ये तयार झाली. २०१४ सालच्या मोठ्या चाचणीतही अपेक्षित यश आले नाही. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे ते असे.

मुक्या जिवांना हा त्रास का, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. परवानगीवाचून ते करता येत नाहीत. जिवाची किंमत मोजून मिळालेले ज्ञान वाया जाऊ नये, ही जबाबदारी मग आपली.

ते ज्ञान कोणते? २००७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांपुढे कोकेन आणि गोड पाणी दोन्ही ठेवले. बहुतेकांनी गोड पाणी निवडले! पिंजऱ्यात दुसरे सुख नसले, की विषाची पकड घट्ट होते. गुरुजनहो, मुलांना खेळ, वाचन, सोबत यांची गोडी लावणे हे म्हणूनच मोठे काम आहे. आणि घरात कुणी अडकलाच, तर त्याला नालायक ठरवू नका; त्याचा मेंदू आजारी आहे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ उभे आहे. १४४४६ या क्रमांकावर सरकारी मदतही मिळते. औषध येईल तेव्हा येवो. आधाराचा हात आजच देता येतो.