सुरतेहून परतीची वाट

सुरतेच्या गोडादरा भागात आज खानदेशातली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या सुरतेचे नाव शिवचरित्रात लुटीसाठी येते. पण शत्रूच्या मुलखात शिरलेल्या कमांडो पथकाची खरी कसोटी आत शिरण्यात नसते, परतण्यात असते. ऑक्टोबर 1670 मधली सुरतेवरची दुसरी स्वारी हेच दाखवते. 3 ऑक्टोबरला मराठे सुरतेत शिरले आणि भरलेली ओझी घेऊन बागलाणमार्गे निघाले. तेवढ्यात मोगल सरदार दाऊदखान बुऱ्हाणपुराहून चांदवडला येऊन वाट अडवू लागला. शिवाजी महाराजांनी फौज विभागली: अर्धी खजिन्यासह नाशिकच्या रोखाने पुढे, अर्धी पाठीमागे शत्रूला थोपवायला. 17 ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ मोगलांच्या आघाडीचा इखलासखान टेकडीवर चढला, तर समोर मराठे लढाईच्या तयारीत. मागच्या फौजेची वाट न पाहता तो तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. दिवसभर झुंज चालली, खजिना सुखरूप कोकणात उतरला.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या फौजेला कमांडो पथक कसे म्हणायचे? संख्येने नाहीच म्हणता येणार. पण पाठीशी रसद नाही, कुमक नाही, मुलूख परका, ही अवस्था तीच. हे मराठ्यांनीच रंगवलेले चित्र आहे, हा आक्षेपही टिकत नाही, कारण मुख्य साक्ष मोगल छावणीतल्या भीमसेन सक्सेनाची आहे. त्याचा फारसी ग्रंथ ‘तारीख-इ-दिलकुशा’ या नावाने ओळखला जातो.